घरगुती औषधाची कृती छापताना झाडाची ओळख, माप आणि मनाईही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी आजारांवरच्या घरगुती उपायांचं सदर सुरू झालं आहे. मी ते आवडीने वाचते आणि कात्रणं काढून ठेवते. परवाच्या रविवारी गुळवेलीवर मजकूर होता. गुळवेलीचा काढा रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावा, सर्वांना चालतो, अपाय काहीच नाही, असा त्याचा आशय. गुळवेल ओळखायची कशी, किती घ्यायची, किती दिवस घ्यायची आणि कुणी घ्यायची नाही, यातलं काहीच त्यात नव्हतं. त्या चार गोष्टींसाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मी रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी होते, आता निवृत्त आहे. माझ्या आईकडे वाडीतली माणसं पाला मागायला येत. परसात अडुळसा, निर्गुडी, गवती चहा, कोरफड, ओव्याचं पान आणि आंब्यावर चढलेली गुळवेल होती. दिवसा दवाखान्याच्या खिडकीतून गोळ्या मोजून द्यायच्या आणि संध्याकाळी घरी काढा उकळायचा, या दोन्हींत मला कधी विरोध वाटला नाही. दवाखान्यात खोकल्याच्या औषधात ब्रोमहेक्झिन असायचं. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन तयार झालं. म्हणजे परसातलं आणि बाटलीतलं औषध एकमेकांचे नातलगच. म्हणून दोघांना नियमही सारखे हवेत, असं माझं ठाम मत आहे. बाटलीवर नाव, मात्रा, मुदत आणि इशारा छापलेला असतो. पाल्यावर छापायला जागा नाही, ती जागा आपल्या पुरवणीत आहे.

आधी ओळखीचं. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. जुन्या कांडावर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो, तो नखाने खरवडला की आतून हिरवं दिसतं. कांड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्या दिसतात. वरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात आणि फळांचे घोस पिकले की लाल होतात. हिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल आहे, तिच्या कांडावर बारीक बारीक गाठी उठलेल्या असतात. तिसरी एक आहे, तिच्या पानाच्या खालच्या बाजूला लव असते. घाईत तोडणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात.

हे सांगायचं कारण आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण असे आढळले, की त्या सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये त्याची नोंद यकृतविषयक शोधपत्रिकेत प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही, दुसरी वेल असू शकते. पुढे मंत्रालयानेच कॉर्डिफोलिया आणि क्रिस्पा यांतला फरक सांगणारी सूचना काढली. यकृततज्ज्ञांचं म्हणणं असं की ज्यांच्यात यकृताचा स्वयंप्रतिकार आजार (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटते तो) दडलेला असतो, त्यांच्यात गुळवेलीने तो उसळू शकतो. कारण गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि त्याच गुणासाठी तर लोक ती घेत होते.

या वादात कोणाचं बरोबर, हे ठरवणारी मी कोण? पण औषधं वाटण्यात आयुष्य गेलेल्या बाईला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. रुग्ण नक्की कोणती वेल प्यायला, यावरच वाद अडला. मी आता ज्याला पाला देते त्याला सांगते, एक कांडी सुकवून कागदाच्या पुडीत ठेव आणि वर तारीख लिही. कुठल्या झाडावरची हेही लिही. उद्या काही त्रास झाला तर डॉक्टरांपुढे ती पुडी ठेवता येईल. हे एक वाक्य आपल्या सदराच्या तळाशी दर आठवड्याला छापलं तरी मोठं काम होईल.

ओळखीचा घोटाळा गुळवेलीपुरता नाही. शहरांतल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जे उंच, सरळ, खाली झुकलेल्या पानांचं झाड असतं त्याला सगळे अशोक म्हणतात. ते पॉलिअल्थिया. औषधातला अशोक म्हणजे सीताअशोक, सराका असोका, त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. पाळीत अंगावरून जास्त जातं म्हणून अशोकाच्या सालीचा काढा घ्या, असं छापलं की वाचणारी बाई आपल्या इमारतीच्या खाली जाऊन पॉलिअल्थियाची साल खरवडणार. बाजारातसुद्धा अशोकाच्या सालीत तिची भेसळ होते. आणि चाळिशीपुढे असं जास्त जात असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि गर्भाशयाची तपासणी हवी, साल नंतर. ब्राह्मी मागितली तर आपल्याकडे बहुतेक जण गोल पानांची मंडूकपर्णी देतात, जाड बारीक पानांची जलब्राह्मी वेगळी. शंखपुष्पीच्या नावाखाली तर निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. वावडिंग म्हणून मिळणारे दाणेही पुष्कळदा त्याच जातीतल्या दुसऱ्या झाडाचे असतात.

आमच्याकडे जुलाब-आवेला कुड्याच्या मुळाची साल ताकात उगाळून द्यायची पद्धत आहे आणि ती चांगली पद्धत आहे. पण कुडाही दोन प्रकारचा. औषधाचा तो पांढरा कुडा, होलाऱ्हेना. त्याच्या शेंगा जोडीने लोंबतात पण टोकाशी सुट्या असतात, आणि त्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, बी गोडसर. वाडीतली एक म्हातारी मला लहानपणी म्हणायची, "बाय, शेंग बघितल्याबिगर साल काढू नको." शेंगा नसतील त्या दिवसांत ती खुणेच्या झाडाशिवाय दुसऱ्या झाडाला हात लावत नसे. ज्या झाडाची ओळख शेंगेने पटवली आहे त्यालाच ती फडक्याची चिंधी बांधून ठेवायची. इतकी काळजी ज्या परंपरेत होती, तिच्या नावावर आपण फोटोही न देता कृती छापतो, याचं मला वाईट वाटतं.

आता कृती आणि माप. "काढा करा" एवढंच लिहून भागत नाही. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढ्याचं माप दिलेलं आहे. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवून आठवा भाग उरवायचा. आजकाल औषधाच्या कठीणपणाप्रमाणे पाणी चारपट, आठपट किंवा सोळापट घेऊन चौथा भाग उरवतात. आकड्यांत सांगायचं तर साधारण दहा ग्रॅम भरड, त्यात एकशे साठ मिली पाणी, ते आटून चाळीस मिली राहिलं की गाळून घ्यायचं. भांड्यावर झाकण ठेवायचं नाही. पूड वस्त्रगाळ नको, गाळता येत नाही आणि तळाला चिकटून करपते. स्टील किंवा मातीचं भांडं घ्यावं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आवळा, हिरडा, कोकम असं काही आंबट-तुरट उकळू नये, तसंच कल्हई उडालेल्या पितळेतही नाही. आणि काढा त्या दिवशीचा त्या दिवशी संपवायचा. फ्रीजमध्ये आठवडाभराचा करून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्याला आंबूस वास यायला लागला तरी "औषधाचाच वास असेल" म्हणून ती पितात.

पण सगळ्याच वनस्पती उकळायच्या नसतात, हे सदरात कुठेच येत नाही. तुळस, गवती चहा, दालचिनी, वेलची, पुदिना यांचा गुण त्यांच्या वासात आहे. उघड्या भांड्यात पंधरा मिनिटं खळखळ उकळलं की घरभर घमघमाट सुटतो, आणि जो घमघमाट बाहेर गेला तो पेल्यात राहिला नाही. अशा वस्तूंचा फांट करायचा. पाणी उकळून विस्तव बंद करायचा, त्यात ठेचलेला पाला टाकायचा, वर घट्ट झाकण ठेवायचं आणि पाच-दहा मिनिटांनी गाळायचं. धने रात्री गार पाण्यात भिजत घालून सकाळी कुस्करून गाळले की हिम होतो, उन्हाळी लागली की तो द्यायचा. अंगरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटून केलेला गोळा), काढा, हिम, फांट अशा पाच तऱ्हा जुन्या वैद्यांनी विनाकारण केल्या नव्हत्या. कोणत्या वनस्पतीला कोणती तऱ्हा, हे प्रत्येक वेळी एका शब्दात सांगता येतं.

एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला त्याचं प्रमाण किती नेमकं होतं पाहा. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक भाग. तीन ग्रॅम पूड, दीडशे मिली उकळलेलं पाणी, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आमच्या केंद्रात त्या वर्षी तोंड आलेली, छातीत जळजळणारी, पोटात आग पडलेली माणसं येत. विचारलं की कळायचं, मूठभर मिरी आणि सुंठेचा काढा दिवसातून चार-पाच वेळा चालू आहे. त्यांना काढ्याचं नाव कळलं होतं, माप कळलं नव्हतं. माप वाटेत कुठे गळालं? मोबाइलवरच्या निरोपात तर गळालंच, छापील मजकुरातही ते पुष्कळ ठिकाणी नव्हतं.

आता मनाईचं. आमच्या पंचक्रोशीत भजनी मंडळं पुष्कळ. एका मंडळाचे बुवा, गळा ताब्यात राहावा म्हणून जेष्ठमधाची काडी सतत तोंडात धरायचे. रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते, तरी दाब उतरेना. डॉक्टर गोळी वाढवत गेले. एकदा औषधाच्या खिडकीपाशी उभे असताना त्यांच्या गालात काडी दिसली आणि मी विचारलं. जेष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं, ते जास्त दिवस पोटात गेलं की अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब चढवतं. डॉक्टरांना सांगितलं, काडी बंद झाली, पुढच्या महिन्यांत दाब उतरत गेला. भजनाच्या आधी एखादा तुकडा चघळायला हरकत नाही, दिवसभर वर्षभर नको, एवढंच बुवांना कुणी आधी सांगायला हवं होतं. आपल्या पुरवणीत घसा बसण्यावरचा उपाय म्हणून जेष्ठमध आलं तेव्हा ही ओळ असती तर किती बरं झालं असतं.

मधुमेहाचंही तसंच आहे. साखरेची गोळी चालू असताना वरून गुळवेल, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस असं सगळं एकदम सुरू केलं आणि दुपारी घाम फुटून, हातपाय थरथरून दवाखान्यात आणलं, असे रुग्ण मी पाहिले आहेत. यांतल्या प्रत्येक गोष्टीने साखर थोडी उतरू शकते. गोळीही तेच काम करते. सगळी मिळून किती उतरवतील, हे तपासल्याशिवाय कळत नाही. अशा माणसाला पाला बंद कर म्हणून भागत नाही, तो चोरून घेतो. डॉक्टरांना सांगून घे, साखर तपासत घे, असं म्हटलं की ऐकतो.

दुधी भोपळ्याचा रस हा तर औषध मानलाच जात नाही, भाजीच ती. पण कडू निघालेल्या दुधीच्या रसात क्युकरबिटॅसिन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांनी रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यासाठी समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा आहे. रस काढण्याआधी फोड चाखायची, कडू लागली तर सगळा दुधी टाकून द्यायचा. कडू ते औषधी, या आपल्या समजुतीपायी कितीतरी माणसं तो रस डोळे मिटून गिळतात. कोरफडीतही असंच. पान कापलं की जो पिवळा चीक गळतो तो जोरदार रेचक आहे. पान उभं ठेवून चीक निथळू द्यायचा, धुवायचं, मगच आतला गर घ्यायचा. गरोदर बाईने तर चीक पोटात घेऊच नये.

लहान बाळांच्या गुटीबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो, कारण माझ्या आईची सहाण माझ्याकडे अजून आहे आणि तिच्यावर मी माझ्या मुलांसाठी हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, अतिविष, काकडशिंगी उगाळलेली आहे. आईचं माप वळशांत असायचं. जायफळाचा अर्धा वळसा, हळकुंडाचा एक, वेखंडाला नुसता स्पर्श. वेखंडात बीटा-असरोन असतं आणि आपल्या देशातल्या वेखंडात ते जास्त असतं. अमेरिकेने १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली ती याच्यामुळे. जायफळ जास्त उगाळलं की बाळ गुंगीत जातं आणि घरातल्यांना वाटतं, छान झोपलं. आज मी नव्या आयांना सांगते, सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझमसारखा घातक आजार होऊ शकतो. वेखंडाची पूड टाळूवर, झबल्याला लावतात ती वेगळी गोष्ट, तीही नाकातोंडात उडणार नाही अशी लावावी. आजीबाईंना हे पटायला वेळ लागतो. आजीच्या हातून बाळाला तेल लावणं, शेक देणं, अंगाई म्हणणं हे सगळं होत राहू दे, असं सांगितलं की त्या गुटीचा हट्ट सोडतात, असा माझा अनुभव आहे.

कावीळ हा विषय तर फार गंभीर आहे. गावठी औषधाने कावीळ उतरते असं सगळ्यांना वाटतं, कारण दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. पण ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीसेक बायका दगावू शकतात. तिथे पाला, माळ, नाकात थेंब यांत दिवस घालवणं म्हणजे दोन जीव धोक्यात घालणं. डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा, आणि गरोदर असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, हे घरगुती उपायांच्या सदरात ठळक अक्षरांत यायला हवं.

वनस्पती निसर्गातली म्हणून निरुपद्रवी, ही समजूत कुठून आली कोण जाणे. आपल्या नंदुरबारला जन्मलेले शास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. कर्करोगावरची औषधं त्यापासून निघाली. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडलं, आणि मग नरक्याची तोड सुरू झाली. पेशी मारणारं इतकं जहाल द्रव्य एखाद्या लहानशा झाडाच्या लाकडात असू शकतं. पिवळी कण्हेर, धोतरा, गुंज ही तर आपल्या कुंपणात उभी आहेत. म्हणून मी पाल्याला घाबरा म्हणत नाही, पाल्याला औषधाचा मान द्या म्हणते.

तोडण्याबद्दलही छापायला हवं. करोनाच्या वर्षात आमच्याकडे रस्त्याकडेच्या झाडांवरची गुळवेल लोकांनी बुडापासून ओढून नेली. खरं तर गुळवेल लावणं किती सोपं. बोटाएवढ्या जाडीची, दोन-तीन पेरांची कांडी कुंडीत खोचली, चढायला काठी दिली की पुरे. गॅलरीतसुद्धा वाढते. घरात लावलेल्या वेलीची ओळख एकदाच पटवायची, दरवेळी फसायची भीती नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणांहून रोपं आणली तर ओळखीची खातरीही होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वनस्पती तपासून ओळख पटवून देतात, हेही वाचकांना सांगायला हवं. आणि घरात साठवण करायची तर कोकणातल्या पावसाळ्याचं भान ठेवा. सावलीत वाळवलेला पाला, सुंठ, जेष्ठमध यांवर जुलैत बुरशी येते. पुसून वापरायची नाही, टाकून द्यायची.

संपादक महोदय, नुसती तक्रार करून थांबत नाही. अडुळशाचा उपाय मी छापला असता तर असा छापला असता.

"अडुळसा, जस्टिशिया अधातोडा. लांब, भाल्याच्या आकाराची समोरासमोर पानं, चुरगळल्यावर उग्र वास, पांढऱ्या फुलांवर जांभळट रेषा. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात. पानं नुसती वाटून रस निघत नाही. धुतलेली पानं मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवावीत, किंवा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्याखाली ठेवावीत, मग वाटून फडक्यातून पिळावं. मोठ्या माणसाने दोन लहान चमचे रस, एक चमचा मध घालून, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. गरोदर बाईने घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. लहान मुलांना वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, थुंकीत रक्त असेल, वजन उतरत असेल किंवा संध्याकाळी ताप येत असेल तर अडुळसा बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी, ती मोफत तपासतात."

याला वर्तमानपत्रात बोटभर जागा लागते. शेजारी पानाचा आणि फुलाचा स्वच्छ रंगीत फोटो असावा. मजकूर छापण्याआधी एखाद्या नोंदणीकृत वैद्याला आणि एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दाखवावा. आपल्या गावोगावच्या महाविद्यालयांत असे प्राध्यापक आहेत आणि त्यांना हे काम मनापासून आवडेल. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा देशात आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत तिचं राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्या वाचकांना त्रास झाला तर जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयात सांगावं, अशी ओळही द्यावी. गोळ्या देताना आम्ही "आणखी काय चालू आहे" हा प्रश्न विचारायला विसरू नये, हे मी माझ्या जागी आलेल्या मुलीलाही सांगून आले आहे.

येत्या रविवारी शतावरीवर मजकूर येणार असल्याचं आपण जाहीर केलं आहे. शतावरीच्या मुळ्या वापरतात, आणि सगळा गड्डा उपटला की झाड गेलं. मधला गड्डा आणि निम्म्या मुळ्या जमिनीत राहू द्याव्यात, बाजूच्या जून मुळ्या तेवढ्या काढाव्यात, आणि मुळ्या सोलून मधली शीर काढून मगच वाळत घालाव्यात, इतकं तरी त्यात यावं. बाजारातली पूड घेणाऱ्याने वेष्टनावर परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी, हेही द्यावं.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
देवरूख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी